सिंहस्थ झाला की लिहू

(समाजाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावर बाहेरगावचा कोणी तरी विद्वान पाहुणा येतो. यंदा कार्यकारिणीने ठरवलं की घरच्याच माणसाला बोलवायचं, आणि ती माळ माझ्या गळ्यात पडली. मी बँकेत 34 वर्षं नोकरी केलेला माणूस. जमा आणि नावे, एवढंच माझं साहित्य. आणि मला विषय दिला 'सृजन आणि आत्मविकास'. पत्रिकेत हे शब्द वाचून मलाच जरा दडपण आलं. मग मी त्याचा माझ्यापुरता सोपा अर्थ केला. जे करावं असं आपल्याला वर्षानुवर्षं मनातून वाटतं, ते आपण करत का नाही? बाहेरून कोणी अडवत नसताना आतून कोण अडवतं? आणि त्याला बाजूला सारून आपण बसलोच, तर आपलं काय होतं? या तीन प्रश्नांवर मी बोलणार आहे. त्यासाठी मला माझीच एक फजिती सांगावी लागेल.

माझी आई लग्न होऊन वऱ्हाडातून उज्जैनला आली. वऱ्हाडात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते. इकडे माळव्यात त्याच पौर्णिमेपासून मुली भिंतीवर शेणाने संजा मांडतात, ती सर्वपित्री अमावास्येपर्यंत चालते. म्हणजे आपण अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून घरी आलो की दुसऱ्या दिवशी दोन्ही सुरू. आईने दोन्ही धरलं. आत कोनाड्यात भुलाबाई, बाहेर अंगणाच्या भिंतीवर संजा. शेजारच्या माळवी मुली यायच्या, आपल्या मराठी घरांतल्या यायच्या, आणि गाणी एकमेकांत मिसळायची. एक ओळ मराठी, दुसरी माळवी, आणि चाल कुठली ते कोणीच सांगू शकत नसे. खिरापत ओळखायचा खेळ तेवढा अस्सल वऱ्हाडी. तशी गाणी वऱ्हाडात मिळायची नाहीत आणि माळवी घरातही मिळायची नाहीत. ती आमच्या अंगणातच तयार झाली होती.

1992 च्या सिंहस्थाला आमच्या घरी पाहुण्यांची रीघ लागली होती. आपल्यापैकी कोणाच्या घरी नव्हती? एका रात्री गच्चीवर आईने ती गाणी म्हणून दाखवली. नागपूरची मावशी मला म्हणाली, "अरे, तू लिहिता-वाचता माणूस. ही गाणी लिहून का ठेवत नाहीस?" मी म्हटलं, "ठेवतो की. एवढा सिंहस्थ झाला की लिहू."

सिंहस्थ झाला. मग बदली झाली, मग मुलीची दहावी, मग बँकेत संगणक आले. बघता बघता 2004 चा सिंहस्थ आला. आई 78 वर्षांची होती, पण आवाज खणखणीत. त्या वर्षी मी पुढची पायरी गाठली. म्हणजे 200 पानी वही आणली. 2009 साली आई गेली.

2016 च्या सिंहस्थात पाहुण्यांसाठी जुन्या ट्रंकेतून गाद्या काढताना ती वही हाती लागली. चार पानं लिहिलेली होती. उघडून बघतो तर चारही पानांवर एकच परिच्छेद, अकरा वेळा लिहिलेला आणि अकरा वेळा खोडलेला. एकही गाणं नाही. 'माझी आई' या दोन शब्दांपुढे मी सरकलोच नव्हतो.

मंडळी, मी त्या गाद्यांवर बसून राहिलो. आई दर वर्षी पंधरा दिवस गात होती आणि मी तिच्यापासून दहा पावलांवर वर्तमानपत्र वाचत होतो. वेळ नव्हता असं मी सगळ्यांना सांगायचो. हिशेबाचा माणूस आहे म्हणून नंतर हिशेब केला. 1992 ते 2009 ही सतरा वर्षं झाली. रोज एक ओळ लिहिली असती तरी सहा हजारांवर ओळी झाल्या असत्या. वेळ नव्हता हे खोटं होतं. मग खरं काय होतं?

ते मला पुढे कळलं, पण त्याआधी आपल्याच गावातल्या एका माणसाची आठवण काढतो. गजानन माधव मुक्तिबोध. जन्म 1917, श्योपूरचा. घर मराठी, लिहिलं हिंदीत. याच उज्जैनमध्ये ते शिकले आणि काही काळ इथे शिक्षकही होते. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत लिहीत. त्यांच्या एका कादंबरीचं नावच 'क्षिप्रा' आहे. एका घरात दोन भाऊ, दोन भाषा, आणि दोघेही मोठे लेखक. आपल्या समाजाने याचा अभिमान बाळगावा.

मुक्तिबोधांची 'ब्रह्मराक्षस' नावाची कविता आहे. गावाबाहेरच्या ओसाड बावडीत एक ब्रह्मराक्षस राहतो. मोठा पंडित, सगळी शास्त्रं तोंडपाठ. पण तो रात्रंदिवस एकच काम करतो, अंग घासत राहतो. मळ निघतच नाही असं त्याला वाटतं, म्हणून पुन्हा घासतो. मी ती कविता कॉलेजात परीक्षेपुरती वाचली होती. गाद्यांवर बसलो असताना ती मला पहिल्यांदा समजली. अकरा वेळा खोडलेला परिच्छेद म्हणजे तेच घासणं होतं. शुद्ध झाल्याशिवाय बाहेर यायचं नाही, आणि बाहेर आल्याशिवाय शुद्ध होता येत नाही. मग बावडीतच मुक्काम.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. स्वतः मुक्तिबोधही आपल्या लांबलचक कविता वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा लिहीत. सप्टेंबर 1964 मध्ये ते गेले, तोवर त्यांचा स्वतःचा एकही कवितासंग्रह निघालेला नव्हता. 'चाँद का मुँह टेढ़ा है' त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. पण त्यांच्यात आणि माझ्यात फरक असा, की ते खोडायचे आणि पुढे लिहायचे. नोकऱ्या बदलल्या, गावं बदलली, घरात ओढाताण होती, तरी कागद भरत राहिले. म्हणून मागे राहिलेल्यांना छापायला काही तरी सापडलं. माझ्यामागे काय सापडलं असतं? एका परिच्छेदाची अकरा प्रेतं.

आता तो मुख्य प्रश्न. आतून अडवणारा कोण?

मी तेरा वर्षांचा असताना शाळेत निबंध दिला होता, 'मी पाहिलेला उत्सव'. मी कार्तिक मेळ्यावर लिहिला. नदीकाठचा मेळा, त्यातली दुकानं, झूले. गुरुजींनी वही हातात घेतली आणि वर्गात मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मला वाटलं, कौतुक होतंय. 'आम्ही मेळ्यात झूल्यावर बसलो' या वाक्यावर ते थांबले. म्हणाले, "मेळा नाही रे, जत्रा. झूला नाही, पाळणा. ही मराठी आहे की खिचडी?" वर्ग हसला. पुढची दोन वर्षं माझं नाव खिचडी होतं.

आज विचार केला तर हसू येतं. उज्जैनमध्ये कोणाला 'कार्तिक जत्रेला चला' म्हटलं तर तो बिचारा कुठे पोचेल? पण तेरा वर्षांच्या मुलाला हे सुचत नाही. त्याने मनात एवढंच नोंदवलं, की मराठीत लिहिलं की लोक हसतात. पन्नास वर्षांनी 200 पानी वही उघडून 'माझी आई' लिहिलं की तेच गुरुजी मागे येऊन उभे राहायचे. गुरुजी कधीच वारले होते. त्यांचा आवाज मात्र मी पोसत होतो.

आणि हे माझ्या एकट्याचं नाही. आपण पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेली माणसं. राणोजी शिंद्यांच्या काळापासून आपल्यातली कित्येक घरं या गावात आहेत. आपण कुलपाला ताला म्हणतो, रस्त्याला सडक म्हणतो, आणि पुण्याचे पाहुणे आले की जरा जपून बोलतो. त्यांच्यासमोर आपली मराठी आपल्यालाच उसनी वाटते. हिंदीत लिहावं तर वाटतं, ही आपली घरची भाषा नाही. मराठीत लिहावं तर वाटतं, ही शुद्ध नाही. या दोन्हींच्या मध्ये आपण गप्प बसतो आणि त्या गप्प बसण्याला संसाराची जबाबदारी असं नाव देतो. अडवणारा जो आहे ना, तो राक्षसाच्या रूपात येत नाही. तो फार सभ्य असतो. 'आधी माहिती नीट गोळा कर' असं सांगतो. 'चांगला पेन आण', 'निवृत्त झाल्यावर निवांत कर' असंही तोच सांगतो, आणि शेवटी म्हणतो, 'आता या वयात कशाला?' सल्ला प्रत्येक वेळी शहाणपणाचा वाटतो. पण सगळ्या सल्ल्यांची बेरीज करा, उत्तर एकच येतं. आज नको.

मग यावर उपाय काय? उपाय मला या बाप्पाने दिला. आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली कथा आहे. व्यासांना महाभारत सांगायचं होतं, लेखनिक हवा होता. गणपती म्हणाला, मी लिहीन, पण माझी लेखणी मध्ये थांबता कामा नये. व्यास म्हणाले, कबूल, पण अर्थ कळल्याशिवाय एकही श्लोक लिहायचा नाही. मग व्यास मधून मधून एखादा कूट श्लोक घालायचे. गणपती त्यावर विचार करायचा, तेवढ्यात व्यासांची पुढची जुळवाजुळव व्हायची.

यात माझ्यासाठी दोन गोष्टी होत्या. पहिली ही, की लिहिणारा आणि पारखणारा हे दोघे वेगळे आहेत. माझ्या घरी पारखणाराच लेखणी धरून बसला होता, म्हणून पहिल्या ओळीपुढे काम गेलं नाही. दुसरी गोष्ट अशी, की गणपतीसुद्धा अडला. विघ्नहर्ता स्वतः कूट श्लोकापाशी थांबला. पण लेखणी खाली ठेवून उठला नाही, हातात धरूनच विचार करत बसला. अडणं आणि उठून जाणं यात फरक आहे.

मी नियम केला. पहाटे पाचला चहा झाला की वर्तमानपत्र येण्याआधी एक पान. पान भरेपर्यंत खोडायचं नाही, मागचं वाचायचं नाही, शब्द अडला तर जो तोंडात येईल तो. ताला तर ताला. महिनाअखेरीला वाचायचं, तेव्हा व्यासांची पाळी. समर्थांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक अख्खा समास लिहिला आहे, एकोणिसाव्या दशकातला पहिला. अक्षर कसं असावं, कागद, शाई, सगळं त्यात आहे. हातातल्या कामाकडे बघा, प्रतिभेची वाट बघत बसू नका, असा मी त्याचा अर्थ घेतला.

पहिले चाळीस दिवस मी काय लिहिलं म्हणता? विजेचं बिल, गुडघा, शेजाऱ्याची गाडी. एक ओळ कामाची नाही. रोज पाच वाजता वाटायचं, उगाच आहे हे सगळं. ते वाटणं आजही गेलेलं नाही. पूर्वी मला वाटायचं, की ज्यांच्या हातून काही होतं त्यांच्या मनात ही कुरकुर नसते. आता वाटतं, ती सगळ्यांच्या मनात असावी. ते कुरकुरीला घेऊन बसतात, एवढंच.

या बाबतीत मला डॉ. विष्णु श्रीधर वाकणकरांची फार आठवण येते. इथे बसलेल्या पुष्कळांनी त्यांना पाहिलेलं आहे. नीमचला 1919 मध्ये जन्मलेला हा माणूस उज्जैनचा झाला, इथे त्यांनी भारती कला भवन उभं केलं. चित्रकार आणि पुरातत्त्वज्ञ, दोन्ही एकाच देहात. 1957 साली भोपाळजवळ रेल्वेतून जाताना त्यांना लांबवर खडकांच्या रांगा दिसल्या. त्यांनी ते डोंगर पायी गाठले, आणि भीमबेटकाची गुहाचित्रं जगासमोर आली. तिथल्या लोकांना ते खडक माहीत होतेच, नावही त्यांचंच. पण त्या मार्गावरून किती अभ्यासू माणसं गेली असतील, आणि त्यातल्या कित्येकांना वाटलंही असेल, की 'पुढच्या खेपेला बघू'. वाकणकर गेले आणि बघून आले. पुढे आपल्या शेजारच्या कायथ्याला त्यांनी उत्खनन केलं आणि तिथल्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीमुळे या गावाचं नाव अभ्यासाच्या ग्रंथांत गेलं. 1975 मध्ये पद्मश्री मिळाली. 1988 मध्ये ते गेले, आणि भीमबेटका जागतिक वारसा ठरलं 2003 साली, म्हणजे पंधरा वर्षांनी. डोंगर चढताना यातलं त्यांना काही ठाऊक नव्हतं. पुढे काय मिळणार हे आधी कळलं तर निघू, असं म्हणणारा माणूस घराबाहेर पडतच नाही.

आता शेवटचा प्रश्न. बसलो, लिहिलं, त्याने माझं काय झालं? आत्मविकास झाला का?

एके दिवशी पहाटे लिहिता लिहिता गुरुजींचा प्रसंग कागदावर उतरला. इतक्या वर्षांत मी तो कोणाला सांगितला नव्हता, हिलासुद्धा नाही. पान भरलं तेव्हा मला फार हलकं वाटलं. वाटलं, चला, चोर सापडला. दुसऱ्या दिवशी बसलो, आणि लेखणी थांबवायची नाही या नियमाने हाताने जे लिहिलं ते वाचून मी घाबरलो. मी लिहिलं होतं, 'लाल पेन'.

1998 साली माझी मुलगी शिकायला बाहेरगावी होस्टेलवर होती. तिने घरी मराठीत पत्र लिहिलं, लांबलचक, मेसच्या जेवणापासून मैत्रिणींपर्यंत. मी ते लाल पेन घेऊन तपासलं. नऊ चुका निघाल्या. त्या दुरुस्त करून मी तेच पत्र तिला परत पाठवलं. चांगल्या हेतूने, बरं का. तिची मराठी सुधारावी म्हणून. पुढचं पत्र हिंदीत आलं. त्यानंतर पत्र आलंच नाही, फोन यायचा. वीस वर्षं मी सगळ्यांना सांगत होतो, की हल्लीच्या मुलांना मराठीची आवड नाही.

गुरुजींना मी पन्नास वर्षं दोष दिला. त्यांचं काम मी घरी स्वतः पुढे चालवलं होतं. ज्याच्या आत असा पहारेकरी बसलेला असतो, तो दुसऱ्यांच्या दारातही तोच पहारेकरी नेऊन बसवतो. लिहिल्याने मी लेखक झालो नाही. पण हे मला कळलं, आणि लिहिलं नसतं तर कळलं नसतं.

मी ती दोन पानं, खाडाखोड न करता, मोबाइलवर फोटो काढून तिला पाठवली. सोबत काही लिहिलं नाही, धीर झाला नाही. तिचं आठ दिवस उत्तर नाही. नवव्या दिवशी एका कागदाचा फोटो आला. रेघांचा कागद, तिच्या हातचं अक्षर. वर लिहिलं होतं, 'बाबा, आजीची तीन गाणी मला येतात.' आणि खाली ती तिन्ही गाणी. लहानपणी अंगणात संजेपुढे टाळ्या वाजवणाऱ्या मुलींत ती होती, हे मी विसरूनच गेलो होतो. गाणी मी एकट्यानेच हरवली असं धरून बसलो होतो, मला तिला विचारायचंही सुचलं नव्हतं.

त्या कागदावर सहा चुका होत्या. मोजल्या, खोटं का बोलू? जुनी सवय. पण पेन उघडलं नाही.

आज माझ्या वहीत आईची पाच गाणी आहेत. दोन मला आठवलेली, तीन मुलीने दिलेली. आईला तीसएक तरी येत असावीत. उरलेली गेली. ती आता कोणत्याही उपायाने परत येणार नाहीत, आणि तेवढं ओझं मला उचलावंच लागेल.

मुक्तिबोधांची त्याच ब्रह्मराक्षसाच्या नावाची एक गोष्टही आहे, 'ब्रह्मराक्षस का शिष्य'. तिच्यातला गुरू काशीला एका मुलाला बारा वर्षं शिकवतो आणि शेवटी सांगतो, की मी ब्रह्मराक्षस आहे. आपलं ज्ञान कोणाला देता आलं नाही म्हणून मी अडकलो होतो, आज सुटलो. आता तू हे पुढे देईपर्यंत तुझी सुटका नाही. बारा वर्षं, मंडळी. एका सिंहस्थापासून दुसऱ्या सिंहस्थापर्यंत.

2028 चा सिंहस्थ आता दारात आला आहे. पुन्हा पाहुणे येतील, पुन्हा गाद्या निघतील. इथे बसलेल्या प्रत्येक घरात काही तरी अर्धवट आहे. कोणाची पेटी कपाटावर धूळ खात असेल. कोणाचे रंग वाळले असतील. कोणाच्या आजोबांच्या आठवणी फक्त जेवणाच्या पंगतीत निघतात आणि पंगतीबरोबर उठतात. मी तुम्हाला मोठं काही करा असं सांगत नाही. अनंत चतुर्दशीला बाप्पाला बोळवून घरी याल, हातपाय धुवाल, तेव्हा फक्त एक पान भरा. किंवा दहा मिनिटं पेटीला हात लावा. वाईट होईल, होऊ द्या. व्यासांची पाळी नंतर येते.

आणि तुमच्या घरातल्या मुलाने, सुनेने, नातीने मोडक्यातोडक्या मराठीत काही लिहून दाखवलं, तर आधी पूर्ण वाचा. लाल पेन कुठे ठेवलं आहे ते त्या दिवसापुरतं विसरा.

एवढं बोलून मी आपली रजा घेतो. गणपती बाप्पा मोरया!